शिलाई मशीन आणि दोन कुत्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरी कपडे शिवते. धंदा म्हणून नाही. स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि अधूनमधून कुत्र्यांसाठी. कुत्री दोन आहेत: चिंधी, वय १३, आणि टिप्या, वय ४. घरी येणारा प्रत्येक जण आधी मशीनकडे बघतो, मग मशीनखाली पसरलेल्या या दोघांकडे, आणि मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. तेच इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत.

कुत्र्यांची नावं अशी का?

चिंधी घरात आली त्या रात्री तिच्यासाठी अंथरलेलं सगळं सोडून कातरणांच्या टोपलीत जाऊन झोपली. नाव तिनंच ठरवलं म्हणायचं. टिप्याचं नाव टीप मारण्यावरून. हा सरळ रेषेत पळतो आणि मध्ये थांबत नाही.

दोन कुत्री सांभाळून शिवायला वेळ कसा मिळतो?

सलग असा मिळतच नाही. सुरुवातीला मी रविवार मोकळा ठेवून "आज शर्ट पूर्ण करायचा" असं ठरवायचे आणि संध्याकाळी चिडचिड पदरात पडायची. आता एका कपड्याचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे करते. यादीत "बाह्या लावणे" असं लिहीत नाही. "डाव्या बाहीच्या डोक्यावर चुणीचे दोन धागे घालणे" असं लिहिते. दार वाजलं, कोणी भुंकलं, कोणाला बाहेर जायचं झालं, तरी हातातला तुकडा अर्ध्यावर सोडावा लागत नाही.

बेतायचं काम सकाळी, फेरी झाल्यावर. तेव्हा दोघंही दमून झोपतात आणि जमीन माझी असते. हातशिलाई, म्हणजे काज, बटणं, हेमिंग, रात्री खुर्चीत बसून. मशीनचं काम मधल्या वेळात जमेल तसं.

कापड जमिनीवर अंथरलं की कुत्रा त्यावर येऊन बसतो. काय करावं?

तुमचाही बसतो ना? बसणारच. आपण गुडघे टेकून खाली आलो म्हणजे खेळायला आलो, अशी त्यांची समजूत. वर समोर नवं, गार, सपाट कापड. चिंधीला उठवण्यात मी दोन वर्षं घालवली. मग एक जुनी चादर तिच्यासाठी राखून ठेवली. आधी ती अंथरायची, चिंधी बसली की शेजारी आपलं कापड पसरायचं. क्रम चुकला की संपलं. आता चादर झटकल्याचा आवाज आला तरी ती दुसऱ्या खोलीतून येऊन जागा धरते.

टिप्याला मात्र ही युक्ती लागू पडली नाही. त्याच्यासाठी शेवटी टेबलच घेतलं. कंबरेच्या उंचीवर बेतायची सवय लागली आणि पाठदुखीही गेली, त्यामुळे श्रेय त्यालाच द्यावं लागतं.

मशीनच्या आवाजाला घाबरत नाहीत?

टिप्या पिल्लू असताना घाबरायचा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे. मोटरच्या ज्या बारीक किणकिणीचा आपल्याला पत्ताही नसतो, ती त्यांच्या कानात शिरत असते. शिवाय टेबलाच्या पायांतून फरशीत उतरणारी थरथर असते ती वेगळीच.

मी मशीन आधी चार दिवस बंद ठेवूनच त्याच्यासमोर मांडलं. मग हाताने चाक फिरवून, मग अगदी हळू, दर वेळी दोन-चार टाके आणि लगेच खाऊ. मशीनखाली जाड नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, तुकडा घातला, त्यानं थरथर बरीच कमी झाली. महिन्याभरात भीती गेली. इतकी गेली की आता त्याला मशीनच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. मशीन थांबलं की दोघंही डोकं वर करतात. त्यांच्या हिशेबी ती फिरायला निघायची घंटा आहे.

जपायला हवं ते पेडलला. एकदा मी सुईत दोरा ओवत असताना टिप्यानं हनुवटी पेडलवर टेकली. मशीन भर्रकन सुटलं. बोट वाचलं ते नशिबानं. तेव्हापासून दोरा ओवताना, सुई बदलताना, फूट (कापड दाबून धरणारा पाय) बदलताना आधी बटण बंद. हा नियम कुत्रं नसलेल्या घरातही पाळावा.

जाता जाता: कापड पुढे सरकवणाऱ्या त्या दातऱ्या पट्टीलाही इंग्रजीत "फीड डॉग" म्हणतात. त्या पट्टीची वर-पुढे-खाली-मागे अशी चार टप्प्यांची चाल अ‍ॅलन विल्सन यांनी १८५४ साली पेटंट केली. आजही घरगुती मशीन तसंच चालतं. म्हणजे माझ्या टेबलाखाली दोन आणि टेबलावर एक. वरचा तेवढा सांगितलेलं ऐकतो.

सुई किंवा दोरा गिळला तर?

हे उत्तर नीट वाचा. बाकीचं घाईत वाचलं तरी चालेल.

लोक सुईला घाबरतात, दोऱ्याला नाही. मला दोऱ्याची भीती जास्त वाटते. चुण्या कशा घालतो ते आठवा: लांब टाक्यांची कच्ची टीप मारायची, एक टोक धरून ठेवायचं, दुसरं ओढायचं, की कापड दोऱ्यावर गोळा होतं. गिळलेला दोरा आतड्यात नेमकं हेच करतो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं. आतडं बाकीचा दोरा पुढे ढकलत राहतं आणि स्वतःच त्यावर चुण्यांसारखं गोळा होत जातं. ताणलेला दोरा मग आतड्याला कापू शकतो. दोऱ्याला सुई असेल तर प्रकरण आणखी अवघड.

म्हणून: तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही. कितीही सहज येईलसं वाटलं तरी नाही. स्वतःच्या मनानं उलटीही करवायची नाही, कारण खाली गेलेली सुई वर येताना पुन्हा टोचत येते. थेट पशुवैद्याकडे जायचं. उलट्या, अन्नाला तोंड न लावणं, सतत लाळ, पंजानं तोंड खाजवणं, पोट धरून वाकून बसणं, यातलं काही दिसायची वाटही बघू नये. जाताना त्याच रिळाचा दोरा आणि त्याच पाकिटातली सुई बरोबर न्यावी. धातूची सुई एक्स-रेमध्ये दिसते, सुती दोरा सहसा दिसत नाही, त्यामुळे सुईमागे दोरा होता का आणि किती, हे तुम्हालाच सांगावं लागतं.

माझ्यावर ही वेळ एकदा आली. हेमिंग करताना दार वाजलं, उठले, परत आले तर सुई नाही. सुईत वीतभर दोरा होता. चिंधी खुर्चीखाली बसून जीभ चाटत होती. तिला उचललं आणि धावले. एक्स-रे स्वच्छ निघाला. घरी येऊन शर्ट बदलताना माझ्याच कॉलरमध्ये सुई सापडली, दोऱ्यासकट. दार उघडायला जाताना मीच खोचली होती. डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, शंका असताना आणलंत तेच बरोबर केलंत.

त्या दिवसापासून कापलेला दोरा जमिनीवर टाकत नाही. टेबलाच्या कडेला झाकणाचा डबा चिकटवलाय, सगळी टोकं त्यात. जुन्या सुया औषधाच्या रिकाम्या बाटलीत.

टाचण्या हरवत नाहीत?

मोजते. उशीत दहा-दहाच्या चार ओळी, काम संपलं की चार ओळी पूर्ण व्हायला हव्यात. एक कमी असली तर लोहचुंबक घेऊन जमीन पालथी घालायची, आणि तोवर कुत्री दुसऱ्या खोलीत. रंगीत काचेच्या डोक्याच्या टाचण्या घ्या, शोधायला सोप्या जातात. जाड कापडाला तर मी आता चिमटेच लावते.

शिवलेल्या कपड्यांवर कुत्र्यांचे केस येत नाहीत का?

येतात. कपड्यावर, अस्तरात, दोन पदरांच्या मध्ये, एकदा तर इस्त्रीनं चिकटवलेल्या कॅनव्हासखाली. पांढऱ्या कॉलरच्या आत टिप्याचा काळा केस कायमचा बंद झाला. उजेडाकडे धरलं की दिसतो. तो शर्ट मी आवडीनं घालते, पण दुसऱ्याला शिवून देताना असं चालत नाही.

कापडावर बरंच अवलंबून असतं. मखमल, कॉर्डुरॉय, लोकर, फ्लीस यांची लव केस धरून ठेवते. पॉलिएस्टर कोरड्या हवेत स्थिर विजेनं केस ओढून घेतं. घट्ट विणीचं गुळगुळीत सुती कापड, पॉपलिन, डेनिम, यांवरचे केस झटकले की बरेचसे पडतात. सैल विणीच्या कापडाचा प्रश्न केसांचा नाही, नखांचा: एक पंजा अडकला की लांब धागा ओढला जातो. तो कापायचा नाही. बोथट सुईनं उलट्या बाजूला ओढून घ्यायचा.

केस काढायला सगळ्यात कामाचा निघाला तो रबरी हातमोजा. किंचित ओला करून एकाच दिशेनं फिरवला की केसांची वळकटी होते. कपडे थेट पाण्यात टाकू नका. ओले केस कापडाला घट्ट बसतात. आधी झटकायचे, ड्रायर असेल तर धुण्याआधीच कमी उष्णतेवर दहा मिनिटं कोरडे फिरवायचे, बरेच केस जाळीत जमा होतात.

नवं कापड मात्र बेतण्याआधी धुवायचंच. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटतं. ३ मीटरच्या तुकड्यात ते ९ ते १५ सेंटीमीटर होतात, म्हणजे पायजमा घोट्यावरून वर जायला पुरेसे.

मशीनमध्ये केस जातात का?

हो, आणि नुकसान तिथंच होतं. मध्यंतरी माझं मशीन कापड पुढेच नेईना. टाके एकावर एक पडायचे. दोऱ्याच्या ताणाचं बटण फिरवून पाहिलं, सुई बदलली, दोरा बदलला. शेवटी सुईखालची पत्रा-प्लेट उघडली, तर दातऱ्यांच्या खाचांमध्ये राखाडी रंगाची गादी: सुती भुगा, टिप्याचे आखूड केस आणि तेल, सगळं ठोकून ठोकून नमद्यासारखं घट्ट झालेलं. चिमट्यानं धरलं तर अख्खी पट्टी निघाली. तिच्यावर दातांचे ठसेसुद्धा उमटले होते.

आता दर मोठ्या कपड्यानंतर प्लेट उघडते, बॉबिनची डबी (खालच्या दोऱ्याची) बाहेर काढते आणि ब्रशनं साफ करते. फुंकर मारायची नाही. भुगा आणखी आत जातो, वर तोंडाची वाफही जाते. तेल मशीनच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तिथेच, एक थेंब. काम संपलं की मशीनवर खोळ. सुईही तेव्हाच बदलते. साध्या सुती कापडाला ८०/१२, डेनिमला १००/१६, ताणल्या जाणाऱ्या होजिअरीला गोल टोकाची.

कुत्र्यासाठी कोट कसा बेतायचा?

तीन मापं घ्या. गळा, जिथे पट्टा बसतो तिथे. छाती, पुढच्या पायांच्या मागे, सगळ्यात रुंद भागाला टेप गुंडाळून. पाठ, पट्ट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत. कुत्रं उभं असताना घ्या. बसलं की छातीचं माप वाढतं आणि पाठीला बाक येतो. यातलं छातीचं माप सगळ्यात महत्त्वाचं. पाठ दोन सेंटीमीटर आखूड झाली तर काही बिघडत नाही, छाती आवळली तर कुत्रं चालायचंच थांबतं.

न ताणणाऱ्या कापडाला छातीत ४-५ सेंटीमीटर ढिलाई द्या. गळ्यातून दोन बोटं सहज जायला हवीत. माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, नेहमीसारखी दीड सेंटीमीटर ठेवा, पण पुढच्या पायांच्या वळणावर ती कापून अर्ध्यावर आणा आणि उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीनं बांधून घ्या. नाहीतर तो जाड काठ काखेत घासतो आणि तिथली कातडी फार नाजूक असते. नर असेल तर पोटाखालची पट्टी आखूड ठेवा. का, ते पहिल्याच फेरीत कळेल.

पहिला कोट चांगल्या कापडाचा नको. आधी मांजरपाटाचा करून बघा, कच्च्या लांब टाक्यांनी जोडलेला. (मांजरपाट कुत्र्याला घालताना मला दर वेळी हसू येतं.) तो घालून कुत्र्याला चालवा, बसवा, अंग झटकू द्या. पुढचा पाय टाकताना कापड ओढलं जात असेल तर छाती वाढवू नका, पायाचं वळण पुढच्या बाजूला थोडं खोल कापा. पायांमधल्या छातीची रुंदी प्रत्येक कुत्र्याची निराळी असते आणि छापील कागदी नमुने इथंच चुकतात.

लांब केसांच्या कुत्र्याला आतून फ्लीस लावू नका. घासून घासून केसांच्या जटा होतात. गुळगुळीत सुती अस्तर बरं.

रंग कोणता निवडावा?

तुम्हाला आवडेल तो. कुत्र्यांना निळा आणि पिवळा चांगला कळतो, लाल त्यांना मळकट तपकिरी दिसतो. म्हणजे लाल कोट हा आपल्याच हौसेचा. अंधारात फिरायला जात असाल तर रंगापेक्षा प्रकाश परतवणारी पट्टी शिवून घ्या. पाठीवर नको, दोन्ही बाजूंना. गाडीचे दिवे बाजूनंच पडतात.

कुत्र्यांना कपडे घालावेतच का?

गरज असली तर. आखूड केसांचं, हडकुळं, म्हातारं किंवा आजारातून उठलेलं कुत्रं थंडीत कुडकुडतं, त्याला कोट हवा. दाट दुपदरी केसांच्या कुत्र्याला निसर्गानंच शिवून दिलंय. कुत्र्याचा घाम जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांतून निघतो, बाकी सगळं अंग तो धापा टाकूनच थंड करतो. त्यामुळे उन्हात किंवा गरम खोलीत नुसत्या फोटोसाठी कोट चढवणं मला पटत नाही. टिप्याला मी कधीच कोट शिवला नाही. त्याच्या वाट्याला गळ्यातला रुमाल येतो आणि तो त्याला पुरतो.

वेल्क्रो कुत्र्यांमुळे सुचलं, हे खरं का?

निम्मं श्रेय कुत्र्याला द्यायला हरकत नाही. १९४१ साली स्वित्झर्लंडचे इंजिनिअर जॉर्ज द मेस्ट्राल कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आले. त्यांच्या पँटला आणि कुत्र्याच्या केसांना रानातली काटेरी बोंडं चिकटली होती. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा. त्यावरून पुढे हे आकडे-फासे तयार झाले आणि १९५५ साली पेटंट मिळालं. नाव फ्रेंचमधल्या मखमल आणि आकडा या दोन शब्दांवरून. आपण ती बोंडं शिव्या देत कातरीनं कापून काढतो, हा फरक.

कातरणांचं काय करता?

कुत्र्यांच्या गाद्या भरते. कातरणं पाच सेंटीमीटरच्या आत बारीक कापायची, नाहीतर गोळे होतात. भरण्याआधी प्रत्येक मूठ हातानं चाचपायची. टाचणी, आकडा, सुईचं टोक काहीही असू शकतं. एका मोठ्या पिशवीपेक्षा दोन लहान आतल्या पिशव्या करा. नुसत्या कातरणांची गादी ओली झाल्यावर इतकी जड होते की ना धुण्याचं मशीन उचलत, ना माणूस. वरच्या खोळीला चेन लावू नका, चेनचा ओढणारा भाग टिप्यानं तीनदा खाल्लाय. पाकिटासारखी एकावर एक दुमडणारी उघडी बाजू पुरे.

जुन्या टी-शर्टच्या पट्ट्यांची वेणी घालून ओढाओढीचं खेळणं छान होतं, पण डोळ्यांसमोर असतानाच द्या आणि धागे सुटायला लागले की फेका. कारण वर दोऱ्याबद्दल लिहिलंय तेच.

स्वतःच्या कपड्यांत कुत्र्यांमुळे काही बदललं का?

खिसे. आधी खिसे दिसायला असायचे, आता कामाला असतात. फिरायच्या जाकिटाला मी चार लावते. खाऊच्या खिशाची आतली पिशवी बटणांवर सुटी होते, म्हणजे ती तेवढीच धुता येते. शी उचलायच्या पिशव्यांच्या खिशाला झडप नको, एका हातात पट्टा असताना उघडता येत नाही. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांवर आडव्या घट्ट टिपा माराव्यात, कारण टिप्या वास काढत तिथेच नाक खुपसतो. आणि पायजम्याच्या गुडघ्यांवर दुहेरी पदर.

कुत्र्यांमुळे काम बिघडलंय का कधी?

दोन डाव्या बाह्या कापल्या आहेत. टिप्या खिडकीत भुंकत होता, मी कापड दुमडायचं विसरले. पण हे मी कुत्री नसतानाही केलं होतं, तेव्हा दोष कुणावर ढकलायचा ते माहीत नव्हतं एवढंच.

चिंधीला अजून नवीन कोट शिवता का?

हो, यंदाही शिवला. तिचा कागदी नमुना तोच आहे, पहिल्या कोटापासूनचा. छातीच्या जागी आता तीन रेषा आहेत: तिसऱ्या वर्षी ६४ सेंटीमीटर, आठव्या वर्षी ६८, आणि यंदाची ६१, पेन्सिलीची. म्हाताऱ्या कुत्र्यांचे पाठीचे, मांड्यांचे स्नायू उतरतात. वजनकाट्यावर फार फरक दिसत नव्हता, टेपनं तो दाखवला.

तिला आता पुढचे पाय उचलून बाहीत घालणं जमत नाही. म्हणून हा कोट पूर्ण उघडतो. वरून पाठीवर ठेवायचा, एक पट्टी छातीवर, एक पोटाखालून. पूर्वी मी तिच्या कोटांना बटणं लावायचे, कारण वेल्क्रो उघडताना होणाऱ्या चर्र आवाजानं ती दचकून पळायची. यंदा वेल्क्रो लावलं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी सवयीनं तिचा पट्टा घट्ट धरला. तिचा कानसुद्धा हलला नाही.

मशीनखालचा नमद्याचा तुकडा मी त्यानंतर काढून टाकला. चिंधी आता टेबलाच्या पायाला पाठ टेकून झोपते. मी टीप संपवून पेडलवरचा पाय उचलते, थरथर थांबते, आणि ती डोकं वर करते.